तबकडीचं खरं वय

जिनिव्हा, नोव्हेंबर २०२१. फिलिप्स या लिलावगृहाच्या यादीत ओमेगाचं एक स्पीडमास्टर होतं. मॉडेल २९१५-१, म्हणजे १९५७ साली बाजारात आलेल्या या घराण्याची पहिली पिढी. मुळात काळी असलेली तबकडी वर्षानुवर्षं उन्हाने उडत उडत चॉकलेटी झालेली. संग्राहक अशा तबकडीला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. अंदाजित किंमत ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक. बोली थांबली तेव्हा लिलावगृहाचं कमिशन धरून आकडा ३१ लाख १५ हजार ५०० फ्रँकवर पोचला होता. त्या वेळच्या दराने सुमारे पंचवीस कोटी रुपये, तेही सोन्याच्या नव्हे तर स्टीलच्या, रोज चावी द्यावी लागणाऱ्या घड्याळाला. ओमेगाच्या कोणत्याही घड्याळाला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

घड्याळ घेतलं कुणी? ओमेगानेच, स्वतःच्या संग्रहालयासाठी. आणि जून २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेलं आहे. कंपनीच्या म्हणण्यानुसार या प्रकारात तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात होता आणि त्यांपैकी एक खुद्द संग्रहालय व वारसा विभागाचा माजी प्रमुख होता. ‘हे घड्याळ आपल्या संग्रहात हवंच’ असं वरिष्ठांना पटवून देणारा तोच. कंपनीने फौजदारी कारवाईचा मार्ग धरला. कुंपणाने शेत खाल्ल्याचा इतका महागडा दाखला घड्याळांच्या धंद्यात दुसरा नसावा.

या प्रकरणावरून बहुतेकांनी काढलेला अर्थ असा, की जिथे ओमेगाच फसली तिथे आपली काय कथा. तो निष्कर्ष चुकीचा आहे. या घड्याळाच्या सुट्या भागांबद्दल शंका घेणारे अभ्यासक कंपनीबाहेर होतेच, आणि त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं. होती ती छायाचित्रं, जुने कॅटलॉग आणि चिकाटी. म्हणजे ऑनलाइन बोली लावणाऱ्या कुणाच्याही हातात असतं तेवढंच.

जुन्या घड्याळातली नक्कल आणि नव्या घड्याळातली नक्कल या दोन वेगळ्या जातीच्या लबाड्या आहेत, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. फुटपाथवर हजार रुपयांत मिळणारं ‘रोलेक्स’ नखशिखान्त खोटं असतं. त्याने सहसा कुणी फसत नाही. घेणारा बहुधा जाणूनबुजून घेतो. जुन्या घड्याळात मात्र मशीन अस्सल, केस म्हणजे बाहेरची पेटी अस्सल, कधी काटेही अस्सल. खोटा असतो तो एखादाच भाग, आणि नेमकी किंमत त्याच भागामुळे वाढलेली असते. किंवा सगळे भाग खरे असतात, पण ते एकाच घड्याळात जन्मलेले नसतात. अशा जोडकामाला संग्राहक ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. त्यामुळे ‘हे खरं की खोटं’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. विचारायचं ते असं: यातल्या प्रत्येक भागाचं वय काय, आणि ती वयं एकमेकांशी जुळतात का?

सुदैवाने घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग आपलं वय सांगतो. त्यातही सगळ्यांत बोलका म्हणजे अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर आणि काट्यांवर लावलेला लेप. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यात रेडियम असे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस कारखाने ट्रिटियमकडे वळले, आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस ट्रिटियमची जागा ल्युमिनोव्हाने घेतली. जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ साली शोधलेला हा पदार्थ किरणोत्सर्गी नाही; दिव्याखाली धरला की प्रकाश साठवतो आणि अंधारात बराच वेळ चमकत राहतो. आता गणित सोपं आहे. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षं. त्याची चमक कधीच संपली, कारण चमकणारं झिंक सल्फाइड भाजून निघालं. पण गायगर काउंटर जवळ नेला की तो आजही टकटक करतो. ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास. १९६५ सालच्या घड्याळात आज त्याचा जेमतेम तीन टक्के अंश उरलेला असणार. म्हणून ‘१९६५, सर्व भाग मूळचे’ अशी जाहिरात असलेल्या घड्याळाचे काटे अंधारात घेतलेल्या छायाचित्रात हिरवेगार लखलखत असतील, तर ते १९६५ चे नाहीत. विक्रेता तो फोटो कौतुकाने टाकतो आणि स्वतःच्याच दाव्याला सुरुंग लावतो, ही यातली गंमत.

तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी अक्षरं असतात. ट्रिटियमच्या काळात तिथे ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ छापत. ल्युमिनोव्हा आल्यावर तो ‘टी’ गेला. तेव्हा १९७०च्या दशकातल्या रोलेक्सच्या तबकडीवर हा ‘टी’ नसेल, तर ती तबकडी बहुधा नंतर कधीतरी बदललेली आहे. याचा अर्थ विकणारा चोर आहे असा नव्हे. कंपनीच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रांनीच अनेक वर्षं झिजलेल्या तबकड्या काढून नव्या बसवल्या, कारण गिऱ्हाइकाला घड्याळ नव्यासारखं हवं असायचं. पण अशा ‘सर्व्हिस’ तबकडीच्या घड्याळाला मूळ तबकडीची किंमत मागणं ही लबाडीच.

स्पीडमास्टरच्या बाबतीत नुसत्या छायाचित्रावरून बरंच कळतं. काचेभोवतीच्या काळ्या कडीवर, म्हणजे बेझलवर, वेग मोजायचे आकडे असतात. १९७० च्या आधीच्या कड्यांवर ९० च्या आकड्याजवळचा ठिपका त्या आकड्याच्या वर असतो. नंतरच्या कड्यांवर तो शेजारी सरकला. एवढ्याशा ठिपक्यामुळे जुनी कडी एकटीच हजार डॉलरच्या वर जाते, म्हणून तिच्या नकला निघतात. तबकडीवरचं ओमेगाचं चिन्ह १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत धातूचं, वरून बसवलेलं असे. त्यानंतर ते छापलं जाऊ लागलं. ‘१९६५ चं स्पीडमास्टर’ म्हणून आलेल्या घड्याळावर चिन्ह छापील असेल, तर तबकडी त्या केसमधली नाही. आत ३२१ क्रमांकाचं मशीन हवं. १९६८ नंतर ८६१ आलं. मशीनवर कोरलेल्या क्रमांकावरून साल ठरतं. एकूण चार गोष्टी आणि त्यांची चार सालं. ती एकमेकांना दुजोरा देतात की नाही, एवढंच तपासायचं.

सोन्याच्या घड्याळात आणखी एक साक्षीदार असतो, आणि बनावट करणारे त्याला वारंवार विसरतात. स्वित्झर्लंडच्या सरकारी तपासणीत अठरा कॅरट सोन्यावर देशाचं प्रतीक असलेल्या हेल्व्हेशियाच्या मुखाचा ठसा उमटवत. चौदा कॅरटवर खारीचा. १ ऑगस्ट १९९५ पासून ही दोन्ही चित्रं गेली आणि त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे ‘१९५८ चं पाटेक फिलिप, मूळ सोन्याची केस’ असं वर्णन असलेल्या घड्याळाच्या झाकणावर किंवा पट्टा अडकतो त्या टोकांखाली कुत्र्याचं डोकं दिसलं, तर त्या सोन्याचं वय किमान साडेतीन दशकांनी फुगवलेलं आहे. हा ठसा पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. विक्रेत्याकडून त्या जागेचा जवळून घेतलेला फोटो मागवायचा, एवढंच. पाटेकच्या जुन्या तबकड्यांवर कंपनीचं नाव कोरून त्यात मीना भरलेला असे, त्यामुळे अक्षरं किंचित उठावदार आणि धारदार दिसतात. अशा तबकडीची हलगर्जीपणे सफाई झाली की अक्षरांची धार प्रथम जाते, आणि सपाट छापील नाव आलं की किंमत कोसळते.

सगळ्यांत जास्त खोट बाजारात जिथे आली, ती जागा म्हणजे रोलेक्स डेटोनाची ‘पॉल न्यूमन’ तबकडी. हॉलीवूडच्या या नटाने वापरलेलं ६२३९ क्रमांकाचं डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरला गेलं. पाठीवर पत्नी जोअ‍ॅन वुडवर्डने कोरून घेतलेला संदेश होता: गाडी जपून चालव. पण या विक्रमाच्या आधीपासूनच असा विचित्र हिशेब रूढ झाला होता की तीच केस, तेच मशीन, आणि साध्या तबकडीऐवजी ही ‘एक्झॉटिक’ तबकडी असली, तर किंमत कित्येक पटीने वाढते. सारा फरक एका पातळ चकतीचा. दुकानदारांना १९६०च्या दशकात ती विकताना घाम फुटायचा, आणि आज तिची सुटी चकतीसुद्धा तिजोरीत ठेवावी लागते.

या तबकड्या रोलेक्ससाठी सिंगर नावाच्या कारखान्यात होत. खऱ्या तबकडीची लक्षणं ठरलेली आहेत. आतल्या छोट्या वर्तुळांत रेघांच्या टोकाला बारीक चौकोन असतात. सेकंदांच्या वर्तुळात आकडे १५, ३०, ४५, ६० असतात. साध्या तबकडीत २०, ४०, ६०. कडेची पट्टी मधल्या भागापेक्षा किंचित खाली बसलेली असते. भिंगाने पाहिलं की खऱ्या छपाईच्या कडा स्वच्छ आणि शाईला जाडी असते. नकलेत शाई पसरते, चौकोन गोलसर होतात. पण सिंगरने त्याच धाटणीच्या तबकड्या इतर कंपन्यांनाही पुरवल्या होत्या. त्यामुळे मागच्या बाजूला सिंगरचा ठसा आहे एवढ्यावर विश्वास ठेवता येत नाही.

सन १९५०च्या दशकातल्या रोलेक्स जीएमटी-मास्टर ६५४२ वर बेकेलाइटची कडी होती. तिच्या आकड्यांत रेडियम असे आणि ती ठिसूळ होती. भेगा जाऊन तुटायची. पुढे कंपनीने ॲल्युमिनियमची कडी आणली. आज शाबूत बेकेलाइट कडी असणं हे इतकं दुर्मीळ आहे की ‘शाबूत’ हा शब्दच शंका घ्यायला पुरेसा. सत्तर वर्षांची बेकेलाइट आणि एकही तडा नाही, तर प्रश्न विचारायला हवा.

ज्यांना ही विद्या विद्यापीठासारखी वाटते, त्यांच्यासाठी ढोबळ खुणाही आहेत. रोलेक्सच्या जुन्या केसवर अनुक्रमांक सहाच्या बाजूला, पट्टा अडकतो त्या टोकांमध्ये कोरलेला असतो आणि मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला. पट्टा काढल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून विक्रेता पट्टा काढून फोटो देण्यास टाळाटाळ करतो तेव्हाच सावध व्हावं. मूळ आकडे खोल, धारदार असतात. आम्लाने उमटवलेले उथळ आणि खरखरीत. १९५० ते १९७० च्या सुमारास झाकणाच्या आतल्या बाजूला रोमन आकड्यात तिमाही आणि त्यापुढे साल असा ठसा सापडतो. त्या काळातल्या रोलेक्सला मागे काचेचं झाकण नव्हतं. काचेतून फिरणारं मशीन दिसतंय म्हणून गिऱ्हाईक हरखतं, तिथेच घड्याळाचं खोटेपण उघडं पडतं. १९६० च्या दशकाच्या डेटजस्टला प्लास्टिकसारखी ॲक्रिलिक काच असायची, नीलमण्याची नव्हे.

कागदांचं काय? घड्याळासोबतचा डबा, वॉरंटीचं कार्ड, पावती यांना ऑनलाइन बाजारात मोठा मान. पण रिकामे जुने डबे आणि कोरी कार्डं यांची स्वतंत्र विक्री चालते. ती विकत घेऊन कोणत्याही घड्याळाशी जोडता येतात. पाटेक फिलिप आपल्या नोंदवहीतून घड्याळ कधी बनलं आणि कधी विकलं गेलं याचा उतारा देते. रोलेक्स सर्वसामान्य खरेदीदाराला असा उतारा देत नाही. डिसेंबर २०२२ पासून कंपनी अधिकृत दुकानांतून वापरलेली घड्याळं तपासून विकते, एवढंच. आणि उतारा मिळाला तरी तो फक्त इतकंच सांगतो, की अमुक क्रमांकाचं मशीन अमुक मॉडेलमध्ये घातलं गेलं होतं. ते मशीन आज त्याच केसमध्ये, त्याच तबकडीखाली आहे का, हे कागद सांगू शकत नाही. लबाडाला हेच हवं असतं: खऱ्या क्रमांकाचं एक मशीन मिळवायचं, मग त्याच्याभोवती महागडं घड्याळ उभारायचं. कागदाला घड्याळापेक्षा जास्त मानण्याची खरेदीदारांची सवय, माझ्या मते, या धंद्याचं सगळ्यांत मोठं भांडवल आहे.

मुंबईचा विषय इथे अपरिहार्यपणे येतो, कारण जगभरच्या संग्राहकांच्या शब्दकोशात ‘मुंबई स्पेशल’ किंवा ‘बॉम्बे स्पेशल’ हा शब्द पक्का बसला आहे, आणि तो काही अभिमानाचा नाही. त्याचा अर्थ: भारतातून आलेलं, नव्याने रंगवलेल्या तबकडीचं जुनं घड्याळ. त्यात फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी, सिटिझन, सेको, अधूनमधून ओमेगाही. यांतल्या काहींना भारतात तसा मोठा इतिहास आहे. फेव्हर ल्यूबाचा भारताशी संबंध १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचा जन्मच मुंबईतला, १८८६ चा. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं बनू लागली, आणि जुनी स्विस घड्याळं पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त करून वापरली गेली. पुढे क्वार्ट्‌झने चावीच्या घड्याळांना घरातून हुसकावलं. ती चोरबाजारात पोचली आणि तिथून कारागिरांच्या टेबलावर.

तिथे जे झालं त्याला सरसकट फसवणूक म्हणणं मात्र अन्याय आहे. साठ-सत्तरच्या दशकात गिऱ्हाईकच घड्याळजीला सांगायचं, ‘डायल नवीन करून द्या.’ जुना रंग खरवडून, नवा रंग मारून, वर नाव छापून देणं ही रीतसर दुरुस्ती होती, आणि करणारा कारागीर हुशारच होता. खरी गडबड झाली ती इंटरनेट आल्यावर. गल्लीतल्या गिऱ्हाइकासाठी रंगवलेलं घड्याळ ‘१९६० चं मूळ, उत्कृष्ट स्थितीत’ या वर्णनाने तीस-चाळीस डॉलरला ऑनलाइन लिलावात जाऊ लागलं. मग गिऱ्हाइकाची वाट न पाहता रंगवायला सुरुवात झाली: कंपनीने कधीच काढले नाहीत असे केशरी, जांभळे, पोपटी रंग, लाल क्रॉस, सैन्याची चिन्हं, रेल्वेची नावं. दुरुस्तीचं रूपांतर बनावटीत झालं ते ब्रशमुळे नव्हे, वर्णनातल्या एका ‘मूळ’ या शब्दामुळे.

ओळखायचं कसं? या तबकड्या त्या मानाने कच्च्या असतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचे ओघळ दिसतात. ब्रँडचं नाव थोडं वाकडं किंवा अक्षरांचं वळण वेगळं. काटे लांबीत आखूड पडतात, चावी भलत्याच घड्याळाची. केसवर खड्डे आणि त्यावर ताजा चकचकीत मुलामा. आणि हमखास खूण: त्याच विक्रेत्याकडे हुबेहूब तेच घड्याळ सहा वेगळ्या रंगांत उपलब्ध असतं. खऱ्या जुन्या वस्तूंचा असा ‘स्टॉक’ नसतो. किंमत मुळात एवढी कमी की मोठ्या संकेतस्थळांची तपासणी तिथवर पोचत नाही. ई-बेने अमेरिकेत २०२० मध्ये घड्याळांची तपासणी सुरू केली ती दोन हजार डॉलरच्या वरच्या घड्याळांसाठी.

भारतातल्या कायद्याची बाजू ढिली नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटी व्यापारचिन्हं लावणं आणि असा माल विकणं यासाठी सहा महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. अडचण पुराव्याची आणि अंतराची. परदेशातल्या विक्रेत्याकडून घड्याळ मागवलं तर सीमाशुल्क आणि जीएसटी आधी भरायचा, आणि माल खोटा निघाला की परत पाठवण्याचा खर्च व कागदपत्रांचं जंजाळ आपल्या गळ्यात. म्हणून संशय बोली लावण्यापूर्वी फेडून घ्यावा. विक्रेत्याकडे उघड्या मशीनचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा, पट्टा काढलेल्या केसचा आणि तबकडीचा जवळून घेतलेला फोटो मागावा. प्रामाणिक विक्रेता देतो. ‘घड्याळ सीलबंद आहे, उघडता येणार नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबावं. दिलेल्या फोटोंवर प्रतिमा-शोध चालवला तर तोच फोटो दुसऱ्याच देशातल्या दुसऱ्याच विक्रेत्याच्या नावावर सापडणं हा नेहमीचा अनुभव आहे. आणि ‘संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवा, सवलत देतो’ असा निरोप आला की सवलतीपेक्षा विक्रेत्याला ब्लॉक करण्याचं बटण जवळ करावं.

शेवटी एक विनंती, खरेदीदारांना नव्हे तर ज्यांच्या घरातल्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं फेव्हर ल्यूबा, वेस्ट एंड किंवा ओमेगा पडून आहे त्यांना. ते दुरुस्तीला न्यावं, मशीन साफ करून तेल घालून घ्यावं, हवी तर काच बदलावी. पण तबकडी डागाळलेली, पिवळी पडलेली, अक्षरं फिकी झालेली असेल, तरी घड्याळजीला स्पष्ट सांगावं: डायलला हात लावू नका. आणि एखादा जुना भाग बदलावाच लागला, तर काढलेला भाग पुडीत घालून परत मागून घ्यावा.